खिडकीबाहेरचं झाड आधी ओळखीचं करा

प्रश्न : माझं माहेर गुहागरजवळ. घरामागे आगर, पलीकडे समुद्र. लग्नानंतर भांडुपला आले, चौथ्या मजल्यावर राहते. इथे दिसतात ती कबुतरं, कावळे आणि समोरची बिल्डिंग. गेटपाशी एक मोठं झाड आहे, पण सोसायटीत कुणाला त्याचं नाव सांगता येत नाही. उन्हाळ्यात त्याला पिवळ्या फुलांचे तुरे येतात, नंतर तपकिरी चपट्या शेंगा लटकत राहतात. मुलगी आठ वर्षांची आहे. मध्ये एका रविवारी हौसेने नॅशनल पार्कला गेलो. पोचेपर्यंत अकरा वाजले. गर्दी आणि माकडं, बाकी काही दिसलं नाही, मुलगी कंटाळली. मिस्टर म्हणतात, निसर्ग बघायला मे महिन्यात गावी जातोच की. तिच्यासाठी पोपट आणू या असंही त्यांच्या मनात आहे. सासूबाई गॅलरीत कबुतरांना दाणे टाकतात, मला वाटतं निदान तेवढं तरी. पहाटे फिरायला जावंसं वाटतं, पण बिबट्याच्या बातम्या वाचून धीर होत नाही. कधी कधी वाटतं सगळं सोडून गावी परत जावं. माझ्या मुलीला यातलं काही मिळणारच नाही का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर :

ताई, तुमच्या गेटवरचं झाड सोनमोहर आहे. काही जण त्याला पिवळा गुलमोहर म्हणतात. तुरे आणि चपट्या शेंगा एवढं तुम्ही लिहिलंत, तेवढं ओळखायला पुरेसं आहे. म्हणजे तुमची नजर अजून शाबूत आहे, आणि या बाबतीत निम्मं काम तेवढ्यानेच होतं.

आता चौथ्या मजल्याबद्दल बोलू. तुम्ही तो तक्रारीच्या सुरात सांगितलाय, मला मात्र तुमच्या पत्रातली ती सर्वांत आनंदाची बातमी वाटली. माहेरी तुम्ही झाडं खालून बघत मोठ्या झालात. आंब्याच्या, फणसाच्या शेंड्याशी काय चाललंय ते तिथे मान वर करूनही दिसत नाही. पक्ष्यांचा बराचसा संसार वरच असतो. चांगला वाढलेला सोनमोहर चौथ्या मजल्यापर्यंत आरामात येतो. तुमच्या खिडकीतून त्याचा शेंडा समोरासमोर दिसत असणार. ही जागा गावच्या घरातून तुम्हाला कधीच मिळाली नसती.

तेव्हा पहिलं काम एवढंच. सकाळी चहा घेऊन दहा मिनिटं त्या खिडकीत बसायचं. मुलीला शेजारी घ्यायचं, शाळेची घाई असली तर पाच मिनिटं पुरेत. रोज तीच खिडकी, तेच झाड, साधारण तीच वेळ. निसर्ग बघायचा म्हणजे कुठेतरी जायचं, असं आपण धरून चालतो. मग रविवार येतो, ट्रेन, रांग, तिकीट, ऊन, आणि काही दिसलं नाही की चिडचिड. रोजच्या जागेवर असं काही दिसलंच पाहिजे ही अट नसते. पंधरा दिवस काही घडत नाही, सोळाव्या दिवशी नवीन आवाज येतो आणि तो नवीन आहे हे तुम्हाला कळतं, कारण जुने आवाज पाठ झालेले असतात. मुलीला द्यायचीच असेल तर ही सवय द्या. सहलीपेक्षा ती जास्त टिकते.

त्या झाडावर काय दिसेल? एखादी वाळकी फांदी असेल तर तिच्याकडे लक्ष ठेवा. तांबट नावाचा चिमणीपेक्षा थोडा मोठा हिरवा पक्षी अशाच मऊ पडलेल्या लाकडात चोचीने गोल भोक पाडून घरटं करतो. कपाळ लाल, डोळ्याभोवती पिवळं, आणि आवाज भांडं ठोकल्यासारखा एका लयीत, टुक् टुक् टुक्. हा आवाज तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल आणि कुठलं तरी बांधकाम चाललंय म्हणून सोडून दिला असेल. फेब्रुवारीच्या सुमारास तो वाढतो. त्याच दिवसांत उजाडायच्या आधी एखाद्या अँटेनावर बसून काळा-पांढरा दयाळ गायला लागतो. ट्रॅफिक सुरू होण्याआधीच्या शांततेत त्याचं गाणं ऐकलंत तर त्या दिवशी उठायला त्रास होणार नाही.

कावळ्यांनाही कमी लेखू नका. एप्रिल-मेमध्ये ते काटक्या, तारा, कपड्यांचे हँगरसुद्धा उचलून घरटी बांधतात. ते सुरू झालं की मुलीला सांगा, आता कोकिळेवर नजर ठेव. गाणारा काळा तो नर. मादी तपकिरी, अंगभर ठिपके असलेली, गुपचूप वावरणारी. नर आरडाओरडा करून कावळ्यांना आपल्या मागे लावतो आणि तेवढ्यात मादी त्यांच्या घरट्यात अंडं घालून जाते, असं बरेचदा पाहायला मिळतं. जून-जुलैत तुम्हाला एक कावळी आपल्याहून वेगळ्याच दिसणाऱ्या पिल्लाच्या लाल चोचीत घास भरवताना दिसेल. जिथे फक्त कावळे दिसतात असं वाटतं, त्याच बिल्डिंगपाशी हे सगळं घडत असतं.

गॅलरीत एक कढीपत्त्याची कुंडी ठेवा. नर्सरीतून आणाल तेव्हा औषध न मारलेली मागा आणि स्वतःही काही फवारू नका. कोवळी पालवी फुटली की लिंबाच्या झाडावर येणारी फुलपाखरं बहुधा कढीपत्त्यालाही शोधून काढतात. मादी एकेका कोवळ्या पानावर मोहरीएवढं फिकट पिवळं अंडं चिकटवते. त्यातून निघणारी अळी पहिले काही दिवस हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरी. खाणाऱ्याची नजर तिच्यावरून निघून जावी म्हणून. पुढे ती कात टाकून हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाची दोन टोकांची शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलीला हे एकदाच दाखवा, पुन्हा पुन्हा नको, बिचारीला त्रास होतो. नंतर ती फांदीला रेशमाचा एक बारीक पट्टा बांधून त्यात मागे रेलते, तो तिचा कोष. आठवडा-दीड आठवड्याने सकाळी सकाळी फुलपाखरू बाहेर येतं, ओले पंख वाळवत बसतं आणि उडून जातं. तुमच्या पोह्यांना फोडणीपुरती पानं उरणार नाहीत काही दिवस. ती बाजारातून आणा. आठ वर्षांच्या मुलीने हे सगळं आपल्या गॅलरीत पाहिलं तर ती फुलपाखरांची पुस्तकं स्वतःहून मागायला लागेल.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला पटत नाही, पण ते चुकीच्या मनाने म्हणत नाहीत हेही दिसतं. गावी जाणं हवंच. आजीचं आगर, वाळूतले खेकडे, करवंदं, हे तिला मिळालंच पाहिजे. पण मे महिन्यात गावी गेलं की फक्त मे महिना दिसतो. उत्तरेकडून थंडीपुरते येणारे पाहुणे पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत बरेचसे परत गेलेले असतात. शाळेमुळे तुमची मुलगी त्या काळात मुंबईतच असते. शेपूट वरखाली हलवत पळणारा धोबी, समुद्रावरचे पांढरे कुरव, पिवळाधमक हळद्या हे तिला भेटायचे असतील तर इथेच भेटणार. आणि एक गोष्ट अशी आहे की त्यासाठी लोक लांबून तुमच्या दाराशी येतात.

ठाण्याची खाडी. तुमच्या घरापासून ती ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या पलीकडे आहे. तिथे दर थंडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंच्या संख्येने उतरतात. मोठा रोहित आणि छोटा रोहित, दोन्ही. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. नोव्हेंबर-डिसेंबरपासून यायला लागतात आणि मे अखेरपर्यंत काही ना काही असतातच. 2015 साली खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पुलापलीकडे ऐरोलीला वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीने खाडीत नेतात. हंगामात बोटीची जागा आधी ठरवून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही.

पण बोट असो की किनारा, इथे घड्याळाआधी भरती-ओहोटी बघायची. हे तुम्हाला माहेरी कुणीही कोळी सांगेल : तिथीला पाऊणपट करा, भरती पूर्ण भरण्याची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. मुंबईलाही हे गणित ढोबळमानाने लागू पडतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि रोहित दूरवर पांगतात, किनाऱ्यावरून नुसते गुलाबी ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की ते कडेकडे सरकतात. तेव्हा भरतीच्या आधीचा तास-दोन तास गाठा. दुर्बीण नसेल तर कुणाची तरी मागून घ्या. चोच उलटी करून, डोकं खाली घालून चिखल-पाणी गाळत ते कसे खातात हे एकदा दुर्बिणीतून बघायलाच हवं. छोट्या रोहितचं मुख्य खाणं सूक्ष्म शेवाळ, आणि रंग येतो तो त्यातूनच. मुलीला हे सांगितलंत तर ती पुढचे दोन दिवस जेवताना प्रश्न विचारेल.

याच हिशेबाचा उलटा उपयोगही करा. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला सकाळी साडेसात-आठच्या सुमारास पाणी खूप खाली गेलेलं असतं. थंडीतल्या अशा एखाद्या सकाळी बांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर जा. डबक्यांमध्ये शंख पाठीवर घेऊन हिंडणारे खेकडे आणि खडकाला चिकटलेली समुद्रफुलं (सी ॲनिमोन, फुलासारखे दिसणारे प्राणी) दिसतात. हे नुसतं डोळ्यांनी बघायचं, दगड उलटायचे नाहीत, पिशवीत काही भरायचं नाही. पायात पकड असलेल्या चपला हव्यात. पावसाळ्यात मात्र खडकांवर जाऊ नका. त्या दिवसांत वाळूच्या किनाऱ्यांवरही डंख मारणारे निळे जेलीफिशसारखे जीव वाहून येतात, त्यांना हात लावायचा नाही हे मुलीला आधी सांगून ठेवा.

आता नॅशनल पार्क. एकशे तीन-चार चौरस किलोमीटरचं जंगल महानगराच्या पोटात असणं हे फार कमी शहरांच्या वाट्याला आलंय, आणि तुळशी-विहार हे मुंबईला पाणी देणारे तलाव त्याच जंगलात आहेत. तुम्हाला काही दिसलं नाही याचा दोष जंगलाचा नाही. रविवारी अकरा वाजता मुख्य रस्त्याने चालत गेलं तर दुसरं काही होणारच नव्हतं. एक तर वार बदला. सोमवारी पार्क बंद असतं, पण शाळेला सुट्टी असलेला एखादा मधला वार निघतोच. दुसरं, गेट उघडतानाच आत शिरा. सूर्य वर आल्यावर पक्षी शांत होतात. तिसरं, पहिल्या खेपेला कुणातरी जाणकाराबरोबर जा. पार्कमधलं निसर्ग माहिती केंद्र शिलोंड्यासारख्या वाटांवर माहितगारांसह फेऱ्या नेतं. 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं शिक्षण केंद्र गोरेगावला फिल्मसिटीजवळ आहे, त्यांच्याही फेऱ्या असतात.

आणि थांबायला शिका. थंडीत इथल्या जंगलात वेगवेगळ्या जातींचे छोटे पक्षी एकत्र हिंडतात. एक झाड किडे टिपून रिकामं करायचं, मग पुढच्या झाडावर. शेपटीचा पंखा करून फांदीवर नाचणारा छोटा नाचण दिसला की पुढे जाऊ नका. तो बहुधा एकटा नसतो. पाच मिनिटं तिथेच उभ्या राहिलात तर कोतवाल, पिवळा सुभग, लाल-नारिंगी निखार, नशीब असेल तर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक असे एकामागून एक येऊन जातात, आणि मग एकदम सामसूम होते. मुलांना हे फार आवडतं, कारण त्यात वाट बघणं आहे आणि मग एकदम मिळणंही आहे.

बिबट्याची भीती मी उडवून लावणार नाही. भांडुपची डोंगराकडची बाजू जंगलाला लागून आहे, तिथे बिबट्या आहे आणि राहणार. आरेतल्या वारली पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत. त्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनी त्याला देव मानलं आणि त्याच्या वेळा सांभाळल्या. आपणही तेच करायचं. अंधारात, झुंजूमुंजू होताना जंगलाच्या कडेने एकटीने चालायला जाऊ नका, पूर्ण उजाडू द्या. मूल पुढे पळत जाऊ नये, हात धरलेला असावा. गप्पा मारत, आवाज करत चाला. कधी दिसलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही, मुलीला उचलून घ्यायचं आणि त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरायचं. वस्तीत शिरला असेल तर गर्दी करू नका, मोबाईल काढून मागे धावणाऱ्यांना थांबवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. शिवाय सोसायटीचा कचरा उघडा टाकला जात असेल तर तो बंद करा. कचऱ्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या.

पोपट आणू नका. याबाबतीत मी अजिबात मोकळीक देणार नाही. आपल्याकडचे सगळे पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे आणि घरात पिंजऱ्यात ठेवणंही. विकायला येणारी पिल्लं ढोलीतून काढलेली असतात आणि वाटेत कितीतरी मरतात. मिस्टरांना त्याच पैशांत दुर्बीण घ्यायला सांगा. आठ बाय बेचाळीसची साधी दुर्बीण मुलीला कॉलेजपर्यंत पुरेल.

सासूबाईंशी बोलणं मात्र नाजूक आहे, हे मला कळतं. दाणे टाकणं त्यांच्यासाठी पुण्याचं काम आहे आणि त्यांच्या भावनेला हसायचं कारण नाही. पण कबुतरांच्या वाळलेल्या शिटेची आणि पिसांची धूळ रोज नाकात जाऊन फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. वयस्कर माणसाला आणि लहान मुलाला तो धोका घरात कशाला हवा? 2025 मध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून केवढं रान पेटलं ते त्यांनीही पाहिलं असेल. घरी वाद घालू नका, त्यांच्या हाताला दुसरं काम द्या. जास्वंदीची कुंडी त्यांच्या नावाने लावा, देवाला फूलही मिळेल आणि मध प्यायला शिंजीरही येईल. निळा-जांभळा, अंगठ्याएवढा, दिवसातून पाच वेळा हजेरी लावणारा. मातीचं पसरट भांडं पाण्याने भरून ठेवायचं कामही त्यांना सांगा. फक्त पाणी रोज बदलायचं आणि भांडं घासायचं, नाहीतर डासांची वीण होते.

मोबाईलचं म्हणाल तर मुलीच्या हातून तो काढून घेण्यापेक्षा त्यातलं मर्लिन नावाचं मोफत ॲप उघडून द्या. ते आवाज ऐकून पक्षी सुचवतं. आधी कानांनी ओळखायचा प्रयत्न, मग मोबाईल, एवढा नियम ठेवा, कारण ते कधी कधी चुकतंही. फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात. कमीत कमी पंधरा मिनिटं मोजायचं आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंदवायचं. तिची कबुतरं आणि कावळेही त्या मोजणीत धरले जातात.

गावी परत जाण्याबद्दल. तो निर्णय नोकरी, शाळा, सासूबाईंचं आजारपाजार हे सगळं समोर ठेवून घ्यायचा असतो. इथे झाडं नाहीत म्हणून जायचं असेल, तर आधी एक वर्ष इथल्या झाडांना द्या. जानेवारीत काटेसावर आणि पांगारा, एप्रिलमध्ये बहावा, त्याच सुमाराला तामण (आपल्या राज्याचं फूल, जांभळं), पावसानंतर सातविणीचा तो रात्रीचा उग्र वास. हे सगळं तुमच्या रोजच्या रस्त्यांवर कुठे ना कुठे आहे. कुठल्या वळणावर काय फुलतं हे वर्षभर मुलीबरोबर शोधा, मग ठरवा.

आणि एक काम लगेच करण्यासारखं. दर मे महिन्यात पावसाच्या आधी सोसायट्या झाडं छाटतात, आणि नेमकी तेव्हाच घरटी भरलेली असतात. शहरातल्या झाडांना 1975 च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याचं कवच आहे. महापालिकेच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि छाटणीचा अर्जही वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात करायचा असतो. पुढच्या सोसायटीच्या मीटिंगला जा आणि सेक्रेटरींना दोन गोष्टी लेखी द्या. सोनमोहराची छाटणी करायचीच असेल तर ती थंडीच्या सुरुवातीला करावी आणि खाली माणसांवर पडण्याचा धोका असलेल्याच फांद्या काढाव्यात. बुंध्याला सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक भिडले असतील तर ते फोडून भोवती निदान हात-दीड हात माती मोकळी करावी, नाहीतर मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही आणि असंच झाड पहिल्या वादळात उन्मळतं. पडलेल्या झाडाखाली गाड्या सापडतात हा मुद्दा मीटिंगमध्ये सगळ्यांना लगेच पटतो, तोच आधी मांडा. पत्राची पोच घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.